कमी तहानेचे दिवस

पहाटे पंख्याचा वारा अंगाला झोंबला आणि जाग आली. कालपर्यंत हाच पंखा पुरत नव्हता. पाय आपोआप चादर शोधू लागले, पण ती पलंगाखाली पडली होती. वाकून घ्यायचा कंटाळा आला. थोडा वेळ तसाच आखडून पडलो, मग उठून बटण बंद केलं आणि पाती थांबेपर्यंत बघत उभा राहिलो. मनात म्हटलं, आला. दर वर्षी येतो तसा या वर्षीही आला. आपण थकलो म्हणून ऋतू थांबत नाहीत.

गॅलरीत गेलो. आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरातून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. पावसाळाभर तो ढगात असतो, असून नसल्यासारखा. आश्विन लागला की एखाद्या सकाळी कुणी धुऊन पुसून समोर आणून ठेवावा तसा लख्ख दिसतो. हिरव्यावर कुठे कुठे पिवळट झाक चढलेली. रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट पाहणारी माणसं उभी. मागच्या महिन्यापर्यंत हातात छत्री असायची, आता हात मोकळे. निवृत्त होऊन बराच काळ झाला, तरी अंबडच्या कारखान्यांकडे जाणारी बस वळताना दिसली की माझा हात अजून डब्याकडे जातो.

या दिवसांना तसं नाव नाही. कॅलेंडरात शरद ऋतू लिहिलेला असतो, पण बोलताना तो शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो आणि तिथून थेट ‘थंडी पडली बरं का’वर येतो. मधले हे दिवस, दुपारी चटका आणि पहाटे गारवा असलेले, बिननावाचेच राहतात. माझ्या बायकोने, वंदनाने, त्यांना नाव ठेवलं होतं. ती म्हणायची, “आले बाई एकदाचे माझे कमी तहानेचे दिवस.”

वंदनाला जाऊन दोनेक वर्षं झाली. पण मला आठवतो तो त्याच्याही बराच आधीचा एक शरद. तिच्या दोन्ही किडन्या काम करेनाशा झाल्या होत्या आणि ती डायलिसिसवर होती. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल. ते सगळं जमवता येत होतं. सुया, सलाइन, रिक्षा, माझ्या शिफ्ट, सगळ्याची सवय होते. सवय झाली नाही ती तहानेची.

किडनी बंद पडलेल्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, कारण प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. ते अंगातच साठतं. पायावर, डोळ्यांखाली आणि शेवटी फुप्फुसात. वंदनाची एक स्टीलची बाटली होती. सकाळी भरायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तेवढ्यावर काढायचं. आणि पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. चहा हे पाणी, आमटी हे पाणी, ताक हे पाणी, बर्फाचा खडासुद्धा पाणीच. ती चहा प्यायली की तेवढं पाणी बाटलीतून काढून तुळशीत ओतायची. आमची तुळस त्या वर्षी अशी फोफावली की शेजारच्या बायका रोप मागायला यायच्या. वंदना म्हणायची, “न्या, न्या. माझ्या वाटणीचं पिऊन वाढलीय ती.”

अशा माणसाने ऑक्टोबर कसा काढायचा? नाशिकची हवा थंड म्हणून लोक कौतुक करतात, पण पावसाळा सरल्यावरचे ते दोन-तीन आठवडे इथेही अंग भाजतं. जमिनीतली ओल वाफेसारखी वर येते, वारा पडलेला असतो, आणि दुपारी घशाला अशी कोरड पडते की तुम्ही-आम्ही न मोजता तीन-तीन पेले रिचवतो. मीही रिचवत असे, पण कंपनीत. घरी तिच्यासमोर पाणी पिणं मी सोडलं होतं. तिला ते कळलं होतं. एकदा म्हणाली, “अहो, प्या ना माझ्यासमोर. मला बघायला आवडतं.” मी प्यायलो. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. ते पाणी मला गिळवेना.

आवाजही असायचे. समोरच्या इमारतीची टाकी भरली की पाणी गच्चीवरून खाली पडायचं. एरवी पाणी वाया जातं म्हणून वॉचमनला हाका मारणारी वंदना त्या दिवसांत डोळे मिटून ऐकत बसायची. जिभेला चिरा पडलेल्या. सीताफळं बाजारात आली होती, तिच्या सर्वांत आवडीची, पण किडनीच्या पथ्यात तीही बंद. मी घरी येताना सीताफळांच्या टोपल्यांची गल्ली टाळून लांबून यायचो.

त्या वर्षी खंडेनवमीला तिचा डायलिसिसचा दिवस आला. अंबडला आमच्या कंपनीत त्या दिवशी सकाळी मशिनींची पूजा असते. प्रत्येक लेथला, प्रत्येक प्रेसला झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर नारळ. वर्षभर तेल-ग्रीसचा वास असलेल्या शेडमध्ये त्या दिवशी फक्त झेंडूचा वास. पूजा आटोपून मी तसाच हॉस्पिटलला गेलो. पिशवीत उरलेल्या माळा होत्या, दाराला लावू म्हणून घेतलेल्या. वंदना पलंगावर पडलेली, हातातून दोन नळ्या निघून यंत्राकडे गेलेल्या, त्यांतून तिचंच रक्त जात-येत होतं. पिशवीकडे बघून म्हणाली,

“काय आणलंत?”

“माळा. मशिनींची पूजा होती ना.”

“मग माझ्या मशीनला नाही का घालणार? तुमच्या लेथने काय केलंय माझ्यासाठी? ही बिचारी दिवसाआड मला धुऊन देते.”

तिथली सिस्टर हसली. आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, “नळ्यांना लागू देऊ नका, वर अडकवा.” मी वरच्या दांडीला माळ बांधली. शेजारच्या पलंगावरचे म्हातारे गृहस्थ, जे कधी कुणाशी बोलत नसत, ते म्हणाले, “आमच्याही बांधा की.” मग त्यापुढच्या बाई. माळा पुरेनात, तेव्हा मी एकेक माळ तोडून सगळ्यांना दोन-दोन, चार-चार फुलं लावली. ती दुपार मला अजून स्पष्ट दिसते. एसीची गार खोली, यंत्रांची एकसुरी घरघर, आणि प्रत्येकाच्या डोक्याशी थोडासा पिवळा रंग.

त्यानंतर ऊन वाढतच गेलं. मी पहिल्या पाळीला होतो. दुपारी शेजारणीचा फोन आला, “लवकर या, वहिनींना श्वास लागलाय.” रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तिच्या छातीतून पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा आवाज येत होता. तातडीने मशीनवर घेतलं. संध्याकाळी तिला बोलता यायला लागलं तेव्हा मी विचारलं नाही, पण तिने आपणहून सांगितलं.

“प्यायले मी.”

“किती?”

“मोजलं नाही. तांब्या नळाखाली धरला आणि पीत राहिले. लाइट गेली होती, पंखा बंद. वाटलं, मरायचं ते पिऊन मरावं.” मग ओठांवरून जीभ फिरवत म्हणाली, “फार गोड लागलं हो.”

मला रागावता आलं नाही. रागावण्याइतकं त्राण माझ्यातही नव्हतं. मी नुसता तिच्या हातावर बोट ठेवून बसलो. डायलिसिससाठी तिच्या मनगटाजवळ शिरा जोडलेल्या होत्या. तिथे बोट टेकवलं की आत मांजर गुरगुरतंय असं वाटायचं. ते गुरगुरणं चालू आहे ना, एवढंच मी तपासत होतो.

डॉक्टरांनी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं की किडनी बदलण्याचा विचार आता लांबवू नका. मी माझी द्यायला तयार होतो. मला मधुमेह निघाला, डॉक्टरांनी मान हलवली. आमची एकुलती मुलगी तेव्हा पुण्यात शिकत होती. तिचं नाव काढायचं नाही, अशी वंदनाची सक्त ताकीद. उरला तिचा धाकटा भाऊ संपत.

संपत निफाडकडे द्राक्षबागा करतो. ऑक्टोबर म्हणजे त्यांच्या छाटणीचे दिवस. या दिवसांत तो सख्ख्यांच्या लग्नालाही जात नाही, कारण छाटणी चुकली की अख्खं वर्ष चुकलं. तो बाग मजुरांवर सोडून, हातातली कात्रीसुद्धा खिशात तशीच घेऊन, हॉस्पिटलात आला. वंदना एरवी माझ्याशी शहरी बोलायची, पण भाऊ दिसला की तिची जीभ गावाकडे वळायची.

“तू कशाला आला रं? छाटणी कोन करील?”

“माणसं हायेत.”

“मला तुझं काय बी नको. दोन लेकरं हायेत तुला.”

“ताई, दोन हायेत माझ्याकडं. एक नुसती पडूनच हाय.”

“येड्या, पडून नसती ती. काम करीत असती.”

“मंग आता दुसरी करील जरा जास्त,” संपत म्हणाला. “तिला कुठं ओव्हरटाइम द्यायचाय?”

हसता हसता तिला खोकला आला आणि खोकता खोकता रडू. पण ती नाहीच म्हणत राहिली. तपासण्या झाल्या, जुळलं, तरी तिचं नाहीच. शेवटी संपतची बायको अलका आली. हॉस्पिटलात तिच्याही संमतीची सही लागत होती. अलका मितभाषी. सारा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. डॉक्टर बाहेर गेल्यावर ती वंदनाला म्हणाली,

“ताई, मी सही करते. पण मला लय भीती वाटते. हे तुमच्यापासून लपवून सही करायची नाय मला. भीती वाटते आणि तरी करते.”

संपतच्या चेष्टेने जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. “मलाही वाटते गं,” ती म्हणाली. आणि तिथून पुढे ‘नाही’ हा शब्द तिच्या तोंडून आला नाही.

ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं. मधल्या दिवसांत एका पहाटे हवा पालटली. आजच्यासारखीच, काही सूचना न देता. वंदनाने मला हलवून उठवलं. “अहो, आज घसा कोरडा नाही माझा. चला ना कुठेतरी.” डायलिसिस आदल्या दिवशी झालेलं, त्यामुळे तिच्यात जीव होता. मी कपाटातला स्वेटर शोधला. स्कूटर काढली आणि आम्ही त्र्यंबकच्या रस्त्याला लागलो. रस्त्याला भाविकांच्या गाड्या, उसाच्या मोळ्या, चहाच्या टपऱ्यांवरची वाफ. त्र्यंबकेश्वराच्या रांगेत उभं राहणं तिला झेपणारं नव्हतं. तसा बेतही नव्हता. अंजनेरीचा डोंगर समोर आला तिथे ती म्हणाली, “थांबवा इथेच.”

रस्त्याकडेला गवत तिच्या कमरेइतकं उंच होतं, शेंडे तांबूस झालेले. त्यांच्यामधून सोनकीची पिवळी फुलं, आणि सगळ्यावर दव. ऊन नुकतं वर येत होतं. ती गवतात शिरली, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. एक लांब पातं तिने अलगद, थेंब सांडू न देता खुडलं आणि जिभेवर ओढलं. मग दुसरं. मग माझ्याकडे वळून, लहान मुलीने विचारावं तसं, म्हणाली,

“हे धरायचं का मापात?”

मी म्हटलं, “नाही. हे नाही धरायचं.”

बराच वेळ ती गवताची पाती चाटत फिरली. मी स्कूटरला टेकून उभा होतो. गारठ्याने माझे कान दुखत होते, घरी जाऊन कामावर जायचं होतं, झोप अपुरी होती, अंगात कणभर जोर नव्हता. आणि तरी मला वाटत होतं की हे संपू नये. सुख म्हणतात ते मला आयुष्यात असंच भेटलं आहे, मी दमलेला असताना.

ऑपरेशन झालं. दोघं बहीणभाऊ वेगवेगळ्या खोल्यांत शुद्धीवर आले, आणि दोघांनी शुद्धीवर आल्या आल्या एकमेकांची चौकशी केली. काही दिवसांत वंदनाच्या बाबतीत उलटाच प्रकार सुरू झाला. नव्या किडनीला पाणी भरपूर लागतं. सिस्टर ताजा तांब्या भरून आणायच्या आणि दटावायच्या, “मावशी, संपलं नाही अजून? प्या बरं सगळं.” वंदना माझ्याकडे बघून म्हणायची, “बघा, आता पीत नाही म्हणून रागावतात. माणसाने करायचं तरी काय?” पण पहिला पेला ती कशी प्यायली ते मी सांगू शकणार नाही. मी मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं होतं. ते बघण्याचा हक्क माझाही नव्हता.

मग चांगली वर्षं आली. मुलीचं लग्न झालं. मी निवृत्त झालो. आश्विनात हवा पालटली की ती न चुकता म्हणायची, “आले माझे कमी तहानेचे दिवस,” जरी आता तहानेची कुणालाच पर्वा नव्हती. माणसं जुन्या दुखण्याचं नाव प्रेमाने घेतात, गावाचं घ्यावं तसं. तिला सीताफळं चालू लागली. पाहुणा दारात आला की त्याने बसायच्या आधी ती त्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायची आणि तो पूर्ण पिईपर्यंत समोर उभी राहायची. लोकांना ते जरा विचित्र वाटायचं.

ती गेली तेव्हा श्रावण होता. किडनी टिकावी म्हणून जी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, त्यांनी अंगाची प्रतिकाराची ताकद कमी होते. साध्या तापाने सुरुवात झाली. न्यूमोनिया. फार दिवस काढले नाहीत तिने. डॉक्टर म्हणाले, किडनी शेवटपर्यंत चांगली चालत होती. मला वाटलं, हे संपतला कसं सांगायचं? त्यात समाधान आहे की उलटं काही?

आणि मग मला थकवा आला. इतकी वर्षं मी दमत होतो, पण थकलो नव्हतो. दमलेला माणूस झोपला की ताजा होतो. हा थकवा झोपेतून माझ्याबरोबर उठतो, तोंड धुतो, चहा घेतो. सांभाळायचं माणूस असतं तोवर पाठीचा कणा त्याच्यासाठी ताठ असतो. ते गेलं की कण्याला कळतं, आता कुणी बघत नाही. मुलगी फोनवर म्हणते, “पप्पा, फिरायला जात जा.” जातो. कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. गोळ्या वेळेवर घेतो. काही बिघडलेलं नाही. फक्त प्रत्येक गोष्ट जिन्यासारखी वाटते.

आज गॅलरीतून आत आलो तर फोन वाजत होता. संपत.

“दाजी, काय करता?”

“काही नाही. बसलोय.”

“मंग हिकडं येऊन बसा. छाटणी चालू हाय. दुपारची बस धरा.”

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. कारणंही तयार होती, गुडघे, ऊन, बसमधली गर्दी. पण त्याने फोन ठेवूनही दिला होता.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बाग नुकती छाटलेली, त्यामुळे सगळा मांडव उघडा पडलेला, तारा आणि नागड्या काड्या. खाली पानांचा खच. छाटलेल्या काडीच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमून तो हळूहळू खाली ओघळत होता. बायका ओळीओळीने पुढे सरकत, कोंब फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावत होत्या, अधूनमधून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. संपतचे केस पिकले आहेत. तो वाकताना एका बाजूवर जरा सांभाळून वाकतो, हे माझ्या आज प्रथमच लक्षात आलं. आम्ही बांधावर बसलो. अलकाने चहा आणला, माझ्याकडे बघून “लय वाळले दाजी” एवढंच म्हणाली आणि बायकांची मजुरी चुकती करायला गेली.

चहाचे दोन घोट घेतले. मग मीच म्हटलं, “थकलोय रे संपत. कशाने ते कळत नाही, पण फार थकलोय.”

त्याने मान डोलावली. समजूत घालायच्या भानगडीत तो पडला नाही. समोरच्या ओळींकडे बघत म्हणाला,

“दाजी, कुनाला बोललो नाय हे. अलकाला पन नाय. त्या दिवशी ताईला अग्नी दिला ना, तवा समदे तिच्याकडं बघून रडत व्हते. माझ्या मनात आलं, आपलं बी कायतरी जळतंय त्याच्यात. माझ्या आईनं दिलेलं, माझंच. मी उभा हाय हिथं, आन थोडा तिथं.” त्याने चहाचा पेला खाली ठेवला. “तवापास्नं मरनाचं भ्या गेलं माझं. थोडा तर जाऊन आलोय मी.”

इतके दिवस मी समजत होतो की तिच्यामागे उरलो तो मी एकटाच. तिच्याबरोबर थोडं गेलेलं माणूस इथे रोज कात्री चालवत होतं, मजुरांना ओरडत होतं, आणि मी त्याला कधी विचारलंसुद्धा नव्हतं. मी त्याच्या कुशीकडे बोट करून म्हटलं,

“दुखतं का रे तिथे कधी?”

“दुखत नाय. टाक्यांना ओढ बसती. तीबी कायम नाय, हवेत गारवा आला की.” तो सदरा नीट करत म्हणाला, “आज पहाटं उठलो आन बसली ओढ. म्हणलं, दाजींला फोन लावावा.”